भिंतीवरचा धडा आणि पुस्तकातला धडा

दहावीतल्या मुलाला स्वतःच्या शरीराविषयी मराठीत वाचायला मिळते ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक आणि दुसरे म्हणजे भिंत. सोलापुरात बसस्थानकाकडून बाजारपेठेकडे चालत निघावे, किंवा गाडी शहराजवळ येताना खिडकीतून बाहेर पाहावे. रंगवलेल्या किंवा चिकटवलेल्या जाहिरातींत 'गुप्तरोग', 'धातुविकार', 'स्वप्नदोष', 'लहानपणीच्या चुका' हे शब्द कुठे ना कुठे भेटतातच. यात्रेच्या गर्दीत जडीबुटी मांडून बसलेला विक्रेता हाच मजकूर तोंडी म्हणून दाखवतो. आता ही भिंत मोबाइलच्या पडद्यावरही आली आहे. अक्षरे बदलली, मजकूर तोच राहिला.

पुस्तकांचे परीक्षण आपण करतो. भिंतींचे करत नाही. पण मुलगे कोणता मजकूर मन लावून वाचतात आणि कोणता लक्षात ठेवतात याचा विचार केला, तर भिंतीकडे दुर्लक्ष करणे शिक्षकांना परवडणारे नाही. म्हणून या लेखात आम्ही या दोन्ही धड्यांचे शेजारी शेजारी परीक्षण करणार आहोत. विषय वीर्यस्खलनाचा, म्हणजे वयात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आयुष्यात येणाऱ्या एका साध्या शारीरिक घटनेचा आहे. पण या घटनेच्या भीतीने मुलांची झोप जाते, अभ्यासावरचे लक्ष उडते, घरातले पैसे चोरून औषधे आणली जातात आणि कधी कधी खरा आजार अंगावर काढला जातो. तेव्हा विषय नाजूक म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

भिंतीची भाषा

प्रथम भिंतीवरच्या मजकुराची रचना पाहू. त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात लक्षणे सांगितलेली असतात : थकवा, गालफडे बसणे, कंबरदुखी, विसरभोळेपणा, अभ्यासात लक्ष न लागणे. दुसऱ्या भागात कारण सांगितलेले असते : हस्तमैथुन किंवा झोपेत होणारे स्खलन. तिसऱ्या भागात पत्ता आणि भेटण्याची वेळ.

या रचनेतील युक्ती पहिल्या भागात आहे. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणे हे पंधरा-सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलाला कधी ना कधी जाणवतेच. या वयात उंची भराभर वाढते, झोपेची वेळ बदलते, परीक्षेचा ताण असतो. दुसऱ्या भागात सांगितलेली गोष्टही बहुतेक मुलग्यांच्या अनुभवातली असते. दोन सार्वत्रिक गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांत कार्यकारणभाव आहे असे वाचणाऱ्याला वाटते. विज्ञानाच्या तासाला आपण 'दोन घटना एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नाही' हे शिकवतो. त्या नियमाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

शब्दांकडेही पाहावे. झोपेत होणाऱ्या स्खलनाला आपल्याकडे 'स्वप्नावस्था' असा साधा शब्द आहे. भिंत तो वापरत नाही. ती 'स्वप्नदोष' म्हणते. दोष म्हटले की दुरुस्ती आली आणि दुरुस्ती आली की फी आली. 'गुप्तरोग' हा शब्दही असाच. रोग गुप्त नसतो. आपण तो गुप्त ठेवतो. खेदाची गोष्ट अशी की हाच शब्द सरकारी रुग्णालयांच्या विभागांच्या पाट्यांवरही वर्षानुवर्षे राहिला. त्यामुळे शिकलेला डॉक्टर आणि भिंतीवरचा 'वैद्य' एकाच शब्दाखाली उभे राहिले आणि मुलाला दोघांतला फरक कळेनासा झाला.

अशा जाहिरातींना कायद्याची आडकाठी नाही असे नव्हे. 'औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' १९५४ सालचा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा वा वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना त्यात स्पष्ट मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सत्तर वर्षांच्या वर होऊन गेली, भिंती मात्र रंगतच राहिल्या. याचे एक कारण अंमलबजावणीतली ढिलाई हे असेल. पण दुसरे कारण आपल्या अंगणातले आहे. भिंत ज्या शंकेला उत्तर देते, त्या शंकेला शाळेत उत्तर मिळत नाही.

चाळीस थेंबांचे गणित

भिंतीमागचा सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो : चाळीस थेंब रक्तापासून एक थेंब वीर्य तयार होते. ही समजूत सोलापूरच्या तालमींपासून शहरी कुटुंबांपर्यंत सगळीकडे आढळते. तिचे मूळ आयुर्वेदातील सप्तधातूंच्या कल्पनेत आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र अशी ही चढती माळ. जुन्या काळी शरीरात डोकावण्याची साधने नव्हती, तेव्हा शरीराचे कार्य एका सूत्रात बसवण्याचा तो प्रयत्न होता. त्याला हसण्याचे कारण नाही. पण आज तो तपासता येतो, आणि तपासण्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. सातवीचे गणित पुरते.

एका वेळच्या स्खलनात सुमारे ३ मिलिलिटर वीर्य असते असे धरू. चाळीसपट म्हणजे १२० मिलिलिटर रक्त. एखाद्या मुलाला आठवड्यातून दोनदा स्खलन होत असेल तर महिन्याला आठ वेळा. म्हणजे ९६० मिलिलिटर, जवळजवळ एक लिटर रक्त गेले. पन्नास किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात एकंदर रक्त साडेतीन लिटरच्या आसपास असते. म्हणजे चार महिन्यांच्या आत त्याच्या सगळ्या रक्ताइतके रक्त खर्ची पडायला हवे. रक्तदान शिबिरात प्रौढ माणूस एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त देतो आणि पुरुषदात्याला पुढच्या दानासाठी तीन महिने थांबायला सांगतात. या हिशेबाने वर्गातली निम्मी मुले हिमोग्लोबिन तळाला जाऊन रुग्णालयात असायला हवीत. ती तर मैदानावर क्रिकेट खेळत आहेत! सिद्धान्तातून निघणारे भाकीत चुकले की सिद्धान्त सोडायचा, ही विज्ञानाची रीत मुलांना येथे हातात धरून दाखवता येते.

मग वीर्यात असते तरी काय? बहुतांश पाणी. त्यात थोडी फ्रुक्टोज साखर, सायट्रिक आम्ल, जस्तासारखी खनिजे आणि प्रथिने. प्रथिनांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास. म्हणजे ३ मिलिलिटरमध्ये ०.१५ ग्रॅम. सोलापूरकरांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर एक-दोन शेंगदाण्यांत असतात तेवढी. जेवताना पानात वाढलेल्या शेंगाचटणीच्या पहिल्या चिमटीतच याची भरपाई होऊन जाते. ज्या 'नाशा'ची एवढी धास्ती घातली जाते, त्याचे माप हे एवढे आहे.

ही भीती केवळ आपल्या परंपरेतूनच आली असे मानणेही चूक ठरेल. स्वित्झर्लंडमधील तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० मध्ये हस्तमैथुनाच्या 'दुष्परिणामां'वर फ्रेंच भाषेत पुस्तक प्रसिद्ध केले. वीर्य गेल्याने दृष्टी, स्मृती, बुद्धी जाते ही भीती या पुस्तकामुळे युरोपभर पसरली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे तेथील डॉक्टरही ती खरी मानत राहिले. युरोपने ती टाकून दिली. आपल्याकडे मात्र देशी आणि विलायती भीती एकमेकींत मिसळून अधिकच घट्ट झाली.

तिचे परिणाम मानसोपचारतज्ज्ञांना नेहमी दिसतात. वीर्य जाते म्हणून आपण खंगत चाललो आहोत या पक्क्या समजुतीने आजारी पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये केले आणि त्याला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हे नाव नोंदले गेले. या रुग्णांचा थकवा खोटा नसतो, बेचैनी खोटी नसते. खोटे असते ते कारण. म्हणजे भिंत ज्या आजारावर उपाय विकते, तो आजार बऱ्याच अंशी भिंतीनेच निर्माण केलेला असतो.

प्रत्यक्षात घडते काय?

आता शरीराकडे वळू. वयाच्या साधारण बारा ते सोळा वर्षांच्या दरम्यान मेंदूतील पोषग्रंथीच्या संदेशामुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढू लागते आणि शुक्रपेशींची निर्मिती सुरू होते. त्यासाठी शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तापमान लागते, म्हणून वृषणे पोटाबाहेर वृषणकोशात असतात. एक वृषण, बहुधा डावे, थोडे खाली असते. भिंत त्यालाही विकार म्हणते. तो विकार नाही.

दररोज कोट्यवधी शुक्रपेशी तयार होतात. एक शुक्रपेशी घडून परिपक्व व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. पण हे काम न थांबता चालू असते, एका वेळी ठरावीक साठा करून ठेवणारी ही कोठी नव्हे. ज्या शुक्रपेशी वापरल्या जात नाहीत त्या शरीरातच विघटित होतात किंवा लघवीबरोबर निघून जातात. म्हणजे 'साठवून ठेवणे' ही कल्पनाच शरीराला मान्य नाही.

वीर्यात शुक्रपेशींचा वाटा आकारमानाने शेकडा पाचाहून अधिक नसतो. सुमारे दोन-तृतीयांश द्रव शुक्राशयांतून येतो, एक-चतुर्थांश किंवा थोडा अधिक पुरस्थ ग्रंथीतून, आणि अगदी थोडा काऊपर ग्रंथींतून. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात एक प्रभावी द्रव्य आढळले. ते पुरस्थ ग्रंथीतून येत असावे असे समजून त्यांनी त्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. पुढे कळले की वीर्यात ते मुख्यतः शुक्राशयांतून येते. नाव चुकले ते चुकलेच. विज्ञानातही नावे चुकतात. फरक इतकाच की तेथे चूक उघडपणे नोंदली जाते.

स्खलन दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शुक्रवाहिन्या, शुक्राशये आणि पुरस्थ ग्रंथी आकुंचन पावून आपापले द्रव मूत्रमार्गाच्या सुरुवातीला आणतात. त्याच वेळी मूत्राशयाचे तोंड आवळले जाते. त्यामुळे लघवी आणि वीर्य एकमेकांत मिसळत नाही. दुसऱ्या टप्प्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ठरावीक तालात आकुंचन पावतात आणि वीर्य बाहेर पडते. पहिल्या टप्प्याची सूत्रे पाठीच्या कण्यातील मधल्या भागातून निघणाऱ्या मज्जातंतूंकडे असतात, दुसऱ्याची कण्याच्या खालच्या टोकाकडील मज्जातंतूंकडे. मधुमेह फार दिवस आटोक्यात नसला तर या मज्जातंतूंना इजा होऊन मूत्राशयाचे तोंड नीट बंद होत नाही, आणि वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते. काही औषधांनी किंवा पुरस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरही असे होऊ शकते.

बाहेर पडल्यावर वीर्य प्रथम घट्टसर असते आणि पंधरा ते तीस मिनिटांत पातळ होते. पुरस्थ ग्रंथीतील एक विकर हे काम करते. 'माझे वीर्य पातळ झाले' म्हणून घाबरणारा मुलगा पुष्कळदा हीच नैसर्गिक क्रिया पाहत असतो.

झोपेत स्खलन का होते? झोपेच्या ज्या टप्प्यात आपण स्वप्ने पाहतो, त्या टप्प्यात शिश्नाला ताठरता येणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. त्यातच कधी स्खलन होते. अमेरिकेत किन्से यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शेकडा ८३ पुरुषांनी आयुष्यात कधी तरी हा अनुभव आल्याचे सांगितले होते. म्हणजे तो येणे स्वाभाविक आहे. आणि उरलेल्या सतरा जणांना तो आला नाही, तेही स्वाभाविकच. हस्तमैथुनाचेही तसेच. त्याने अशक्तपणा येत नाही, डोळे जात नाहीत, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. ते करणे हा आजार नव्हे, न करणे हाही आजार नव्हे.

लघवीतून 'धातू जाते' ही तक्रार उरली. लघवी कधी कधी गढूळ पांढरी दिसते. बहुधा ते आहारातून आलेले फॉस्फेटचे क्षार असतात. प्रयोगशाळेत त्या लघवीत ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकले की ती स्वच्छ होते. शौचाला जोर केल्यावर एखादा चिकट थेंब दिसला तर तो बहुतेक वेळा पुरस्थ ग्रंथीचा स्राव असतो. तीही भीतीची गोष्ट नाही.

पुस्तकात काय आहे, काय नाही

आता दुसऱ्या धड्याकडे. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकातील 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' या पाठात मानवी प्रजननाचा भाग आहे. त्याची शास्त्रीय बाजू चोख आहे. पुरुष व स्त्री प्रजनन संस्थांच्या आकृत्या आहेत. वृषणापासून अधिवृषण, शुक्रवाहिनी असा शुक्रपेशींचा मार्ग आहे. मासिक पाळीचे चक्र आहे. परीक्षानलिकेतील गर्भधारणा आणि वीर्यपेढी यांचीही ओळख आहे. लैंगिक आरोग्याच्या भागात उपदंश आणि परमा या रोगांचा उल्लेख आहे. पूर्वीच्या पिढीतील शिक्षक 'हा पाठ घरी वाचा' म्हणून पान उलटत असत, त्या मानाने ही मोठी मजल आहे आणि पाठ लिहिणाऱ्यांचे त्याबद्दल कौतुकच केले पाहिजे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हा पाठ प्रजनन संस्थेविषयी बोलतो. ज्याच्या शरीरात ती संस्था आहे त्या मुलाशी बोलत नाही. वाहिन्यांची नावे क्रमाने येतात, पण त्या वाहिन्यांतून काही घडते ते केव्हा, का, आणि तसे घडले तर घाबरावे की नाही, हे आम्हाला त्या पानांत सापडले नाही. मुलीच्या शरीरातील मासिक घटनेला आकृतीसह जागा मिळाली हे योग्यच झाले. मुलाच्या शरीरात प्रथमच होणाऱ्या स्खलनाला मात्र चार ओळीही नाहीत. मुलगा पाठ वाचतो, आकृतीला नावे देतो, पाचपैकी पाच गुण मिळवतो आणि आपली शंका घेऊन भिंतीपाशी जातो.

हा दोष केवळ पुस्तक लिहिणाऱ्यांचा नाही. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोठा विरोध झाला आणि तो थांबवला गेला. मुले बिघडतील, असा आक्षेप होता. भिंतींवरच्या मजकुराने मुले बिघडतात असे मात्र कोणी सभागृहात म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. अशा वातावरणात पुस्तक लिहिणाऱ्याने शरीररचनेच्या सुरक्षित कुंपणात राहणे पसंत केले तर नवल नाही.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे. येथे वर्गातला एक मुलगा घरी तेलुगू बोलतो, दुसरा कन्नड, तिसरा दखनी उर्दू. 'अधिवृषण' आणि 'पुरस्थ' हे शब्द मराठी घरातल्या मुलालाही परके, मग यांची काय कथा? भिंतीवरचा 'धातू' मात्र या सगळ्यांना कळतो. भाषेच्या बाबतीत भिंतीने शाळेवर केव्हाच मात केली आहे, हे मान्य करून पुढे जावे लागेल.

तिसरा धडा : प्रश्नाला उत्तर देणारा

शंका विचारणाऱ्याशी थेट बोलणारे लेखन मराठीत झालेच नाही असे मात्र नव्हे. आणि ते करणारा माणूस शिक्षकच होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक पत्राने शंका विचारीत आणि कर्वे मासिकातून उत्तरे देत. उत्तर छोटे, सरळ आणि पुराव्याला धरून असे. उपदेश नाही, चेष्टा नाही.

या उत्तरांपायीच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे हा आक्षेपाचा विषय होता. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लोकांना शंका आहेत, ते त्या विचारतात, आणि कामविज्ञानाला वाहिलेल्या नियतकालिकाने त्यांची उत्तरे द्यायची नाहीत तर कोणी द्यायची, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. उत्तरे देणे मात्र त्यांनी थांबवले नाही.

कर्व्यांचे सगळेच लेखन आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. त्यांच्या काळच्या वैद्यकातील काही समजुती आज टिकत नाहीत, आणि त्यांच्या काही सामाजिक मतांशी वाद घालता येईल. आम्हाला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती रीत. भिंतीपाशी मुलाचा प्रश्न आहे पण उत्तर खोटे आहे. पुस्तकापाशी खरी माहिती आहे पण मुलाचा प्रश्न नाही. कर्व्यांच्या पानावर प्रश्न वाचकाचा होता आणि उत्तर विज्ञानाचे. ही जोड वर्गात घालून देणे शिक्षकाच्या हातात आहे.

वर्गात काय करावे?

हा पाठ शिकवण्याच्या आदल्या दिवशी वर्गात एक डबा ठेवावा आणि प्रत्येकाने नाव न लिहिता एक चिठ्ठी टाकावी असे सांगावे. शंका नसेल त्याने कोरी चिठ्ठी टाकावी, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे कळत नाही. चिठ्ठी कोणत्याही भाषेत चालेल. उत्तरे देताना मुलाचा शब्द प्रथम घ्यावा आणि मग पुस्तकातला शब्द जोडावा : 'तुम्ही ज्याला धातू म्हणता, त्याला पुस्तकात वीर्य म्हटले आहे.' मुलींनाही ही माहिती हवी आणि मुलग्यांना मासिक पाळीची. दोन्ही एकत्र सांगता आली तर उत्तम. शिक्षिकांनी हा भाग शिकवू नये असे काही नाही. उत्तर येत नसेल तर 'उद्या विचारून सांगतो' म्हणावे आणि खरोखरच सांगावे.

भीती काढताना खऱ्या धोक्याच्या खुणा सांगायला विसरू नये. नाही तर 'सगळे ठीकच असते' असा उलटा गैरसमज होईल. वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली, सोबत मळमळ किंवा उलटी झाली, तर वृषणाला पीळ बसलेला असू शकतो. किशोरवयात हे अधिक आढळते. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता मोठी असते. मुलगा लाजेने रात्रभर गप्प राहिला तर ते गमवावे लागते. या एका वाक्यासाठीसुद्धा हा तास घेण्यासारखा आहे. वृषणावर न दुखणारी गाठ लागणे, एक वृषण कोशात उतरलेलेच नसणे, लघवी करताना आग होणे, शिश्नातून पू येणे, जखम होणे, वीर्यात रक्त दिसणे यांपैकी काहीही असले तर डॉक्टरांना दाखवावे. संसर्ग असेल तर बहुतेक जिवाणूजन्य लैंगिक रोग प्रतिजैविकांनी पूर्ण बरे होतात. एचआयव्हीवरही आज नियमित औषधे आहेत आणि १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर माहिती मिळते. निरोध हा गर्भधारणा आणि संसर्ग या दोन्हींपासून बचाव करणारा सोपा उपाय आहे, हेही सांगावे. रोजच्या आंघोळीत शिश्नाची पुढची त्वचा जेवढी सहज मागे जाईल तेवढी घेऊन साध्या पाण्याने धुवावी. ओढाताण करू नये.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. मध्यमवयात ताठरतेची अडचण सुरू झाली तर ती कधी कधी मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराची पहिली खूण असते. भिंतीवरचा उपाय 'ताकदी'च्या पुड्या देतो आणि साखर तपासायची राहून जाते. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा काही औषधांत, वेष्टनावर न छापलेली आधुनिक औषधे मिसळलेली आढळली आहेत. हृदयविकाराची औषधे घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकतात.

दाखवायचे कुठे, हा प्रश्न मुले विचारतीलच. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि त्याला जोडलेले रुग्णालय, ज्याला सारे गाव 'सिव्हिल' म्हणते, सर्वांना ठाऊक आहे. गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तो याच वयाच्या मुलामुलींसाठी. शिक्षकाने आधी स्वतः जाऊन तेथे कोण भेटते, केव्हा भेटते हे पाहून यावे आणि ते फळ्यावर लिहावे. भिंतीवरची जाहिरात पत्ता आणि वेळ कधीच विसरत नाही. तेवढी शिस्त आपणही पाळावी.

भिंतींना चुना फासून हा मजकूर जाणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगेल. पण चाळीस थेंबांचे गणित ज्या मुलाने एकदा स्वतः वहीत सोडवले, तो ती जाहिरात नंतर निराळ्या नजरेने वाचेल. पुस्तकातल्या पाठाला ही चार पाने जोडण्याचे काम मंडळाची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबवायचे कारण नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या डब्यात कोणत्या चिठ्ठ्या आल्या ते, मुलांची नावे अर्थातच न विचारता, आम्हाला जरूर कळवा.